लॅबचा पीसी घरून कसा वापरायचा: रिमोट डेस्कटॉपचा सेटअप, नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातल्या लॅबमध्ये किंवा ठाण्यात वागळे इस्टेटला जे नवीन लागलेत, किंवा कॉलेजच्या रिसर्च लॅबमध्ये काम करतायत, त्यांच्यासाठी लिहितोय. एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनचा) सिक्वेन्स, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या सँपलची यादी, संध्याकाळी लावून आपण घरी जातो आणि सकाळी पहिलं काम म्हणजे तो पूर्ण झाला की मधेच थांबला ते बघणं. त्यात रविवारी ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक, जुलैत पाऊस लागला की ठाणे स्टेशनवरच माणूस अडकतो. नुसता बेसलाइन (आलेखाची सपाट रेषा) बघायला किंवा पीक इंटिग्रेट करायला, म्हणजे आलेखातल्या शिखरांचं क्षेत्रफळ काढायला, डोंबिवलीहून कोपरखैरणेपर्यंत जायची खरंच गरज नसते, ते घरून होतं. पण रिमोट डेस्कटॉपचं बटण चालू करायला दोन मिनिटं लागतात आणि बाकीच्या ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्यांच्यावर सगळं अडतं, म्हणून त्या बाकीच्या गोष्टींवर जास्त लिहिलंय.

खाली जे आहे ते विंडोजच्या पीसीसाठी आहे, कारण इन्स्ट्रुमेंटला जोडलेले पीसी बहुतेक विंडोजचेच असतात.

आधी विचारा

फार्मा कंपनीच्या क्यूसी (मालाची तपासणी करणाऱ्या) लॅबमध्ये असाल तर इथेच थांबा आणि आधी क्यूए (गुणवत्तेचे नियम सांभाळणारा विभाग) आणि आयटी दोघांना विचारा, लेखी. अमेरिकेच्या एफडीएचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम १९९७ पासून आहे, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कोणी बनवलं, कोणी बदललं, कधी बदललं हे सगळं त्यात दिसायला लागतं. तुम्ही घरून लॉगिन केलंत आणि ते एसओपीत (कामाच्या लेखी ठरलेल्या पद्धतीत) कुठेच नाही, तर डेटा बरोबर असूनही ऑडिटच्या दिवशी सगळ्या टीमला उत्तरं देत बसावं लागतं. काही लॅबमध्ये घरून फक्त बघायची परवानगी असते, रीप्रोसेसिंगची नसते. जे मिळेल ते मान्य करा.

कॉलेजमध्ये एवढं कडक नसतं, तरी गाइड सरांना किंवा मॅडमना आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला सांगितल्याशिवाय काही इन्स्टॉल करू नका. बऱ्याचदा असं होतं की संस्थेचा स्वतःचा व्हीपीएन (बाहेरून संस्थेच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) आधीच असतो आणि नुसता अर्ज भरला की मिळतो, मग निम्मं काम तिथेच संपतं.

आणि अजून एक, हे मी प्रत्येक नवीन मुलाला सांगतो: रिमोटवरून स्क्रीन दिसते, टेबल दिसत नाही. पंपाचं फिटिंग गळतंय, मोबाईल फेजची (मशीनमधून वाहणाऱ्या सोल्व्हंटची) बाटली तळाला गेलीय, वेस्टची बाटली भरून वाहतेय, यातलं काहीही स्क्रीनवर दिसत नाही, फार तर प्रेशर हललेलं दिसेल आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून घरून नवीन रन सुरू करायचा असेल तर लॅबमध्ये माणूस हवा, त्याने बाटल्या बघून फोनवर हो म्हटल्यावरच स्टार्ट दाबायचं. चालू असलेला रन बघणं, थांबवणं, डेटा प्रोसेस करणं, रिपोर्ट काढणं यासाठी रिमोट उत्तम आहे. भट्टी, व्हॅक्यूम, गॅस सिलिंडर जोडलेलं काहीही घरून सुरू करू नका, मग कितीही घाई असो.

पीसीवर विंडोज कुठलं आहे

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा. तिथे विंडोजची एडिशन लिहिलेली असते. प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइज असेल तर त्या पीसीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येतं. होम असेल तर येता येत नाही, ती सोयच त्यात नाही. हे लॅबच्या पीसीबद्दल आहे, तुमच्या घरच्या लॅपटॉपवर होम असेल तरी चालतं कारण तो फक्त बघणारा आहे. लॅबच्या पीसीवर होम निघालं तर क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरता येईल, त्याचं खाली सांगतो. नेटवर सापडणारे होमला प्रो बनवणारे पॅच त्या मशीनवर टाकू नका, त्याच्यावर कोणाचा तरी तीन वर्षांचा डेटा असतो.

आता जुन्या मशीनचा विषय. लॅबमध्ये एक तरी स्पेक्ट्रोमीटर असा असतो ज्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर नाहीतर एक्सपीवर चालतं आणि कंपनीने नवीन व्हर्जन काढलेलंच नसतं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं होतं, पासवर्ड न टाकता थेट पीसीत शिरता येईल असं, आणि ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीसाठी पण पॅच काढला. त्यामुळे एक्सपी आणि ७ ची मशीन नेटवर्कवर आणायचीच नाही. तिचा डेटा आयटीने दिलेल्या, स्कॅन केलेल्या पेनड्राइव्हने दुसऱ्या पीसीवर घ्या आणि त्या दुसऱ्या पीसीला रिमोट लावा.

पीसीच्या मागे वाकून बघा

हे बहुतेक गाइडमध्ये नसतं कारण ते ऑफिसच्या पीसीसाठी लिहिलेले असतात. लॅबच्या पीसीला बऱ्याचदा दोन नेटवर्क कार्ड असतात, एकाची केबल इन्स्ट्रुमेंटला जाते आणि दुसऱ्याची भिंतीतल्या पोर्टला. इन्स्ट्रुमेंटवाल्या कार्डला सर्व्हिस इंजिनियरने हाताने आयपी ॲड्रेस टाकलेला असतो. तुम्ही रिमोटच्या नादात त्याला ऑटोमॅटिक केलंत तर सॉफ्टवेअरला इन्स्ट्रुमेंट सापडणार नाही आणि इंजिनियर यायला दोन दिवस लागतील. तर आधी कंट्रोल पॅनलमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा, दोन्ही कार्डांच्या सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कार्डांची नावं बदलून एकाला इन्स्ट्रुमेंट आणि दुसऱ्याला ऑफिस द्या, आणि मागच्या केबलवर पण टेप चिकटवून तेच लिहा. यापुढे फक्त ऑफिसवाल्या कार्डाशी आपला संबंध.

एकच पोर्ट असेल आणि त्यात इन्स्ट्रुमेंट असेल, तर दुसरं कार्ड आयटीकडून बसवून घ्या. इन्स्ट्रुमेंटची केबल काढून त्याच पोर्टात नेटची केबल आलटून पालटून लावत बसू नका.

मशीन झोपू द्यायचं नाही

घरून कनेक्ट होत नाही अशी तक्रार आली की निम्म्या वेळा कारण एवढंच असतं की पीसी स्लीपमध्ये गेलाय. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जाऊन स्लीपला नेव्हर करा. मॉनिटर बंद झाला तर होऊ दे, त्याने काही बिघडत नाही. इन्स्ट्रुमेंट यूएसबीवर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची जी टिक असते ती काढा, नाहीतर पीसी जागा असतो आणि इन्स्ट्रुमेंट गायब झालेलं असतं.

मग विंडोज अपडेट. रात्री दोनला मशीन आपोआप रीस्टार्ट झाली की सिक्वेन्स गेला, सोबत सँपल पण गेलं. ॲक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात, म्हणजे ६ तास उघडेच राहतात, त्यामुळे मोठा रन असेल त्या आठवड्यात अपडेट पॉज करा आणि रन संपला की न विसरता अपडेट करून रीस्टार्ट मारा. कायमचं बंद करून ठेवायचं नाही, रिमोट चालू असलेल्या मशीनला अपडेट लागतातच.

लाइट जाण्याचं पण बघायला लागतं. पीसीला यूपीएस असतो पण नेटवर्कचा स्विच आणि राउटर साध्या प्लगवर असतात, मग लाइट गेली की पीसी आत चालू आणि तुम्ही बाहेर. तो स्विच पण यूपीएसवर घ्यायला सांगा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, प्रत्येक कंपनीचं तिचं नाव वेगळं, पॉवरच्या मेनूत सापडते, ती ऑन करा. एक लक्षात ठेवा, पीसी परत चालू झाला म्हणजे इन्स्ट्रुमेंट तयार झालं असं नाही, लॅम्प आणि पंप परत लॅबमधल्या माणसालाच बघायला लागतात.

आता बटण

सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, ऑन, कन्फर्म. त्याच्या खाली नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची टिक असते ती असू द्या, तिच्यामुळे पासवर्ड बरोबर असल्याशिवाय समोरच्याला लॉगिनची स्क्रीनसुद्धा मिळत नाही. फायरवॉलमध्ये लागणारा रस्ता विंडोज स्वतः उघडतं. तिथेच पीसीचं नाव दिसेल, ते लिहून घ्या.

युजरचं बघा. ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्यांना आपोआप परवानगी असते, पण रोजच्या कामासाठी ॲडमिनच्या खात्याने येऊ नका. स्वतःचं साधं खातं बनवून घ्या आणि रिमोट डेस्कटॉप युजर्सच्या यादीत ते ॲड करा. सगळी लॅब एकाच खात्यावर आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, ही पद्धत रिमोट चालू करायच्या आधी बंद झालीच पाहिजे. कोणी काय केलं हे कळत नाही, आणि त्यातून जो अडकतो तो बहुतेक वेळा सगळ्यात नवीन माणूस असतो. रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याने रिमोट लॉगिन विंडोज करूच देत नाही. आणि तुम्ही लॅबमध्ये चार आकडी पिन टाकून लॉगिन करत असाल तर तो पिन इथे चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर लॅबमध्ये बसून एकदा पासवर्डने लॉगिन करून घ्या, नाहीतर घरून पासवर्ड बरोबर टाकला तरी चूक म्हणून येतं.

आधी लॅबमधूनच करून बघा

थेट घरी जाऊन ट्राय करू नका. शेजारच्या टेबलवरच्या पीसीवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जो छोटा बॉक्स येतो त्यात इंग्रजीत एम एस टी एस सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर मारा. रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडते. तिथे लॅब पीसीचं नाव टाका, नावाने नाही सापडला तर आयपी ॲड्रेस टाका. युजरनेममध्ये आधी पीसीचं नाव, मग उलटा स्लॅश, मग युजर असं लिहिलंत तर घोळ होत नाही. पहिल्यांदा सर्टिफिकेटची वॉर्निंग येते, पीसीने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असतं म्हणून. नाव आपल्याच पीसीचं आहे ना ते वाचा आणि पुढे जा.

इथे चाललं की मगच पुढची पायरी. घरी मॅक असेल तर मायक्रोसॉफ्टचं जे ॲप घ्यायचं त्याचं नाव सप्टेंबर २०२४ पासून विंडोज ॲप असं झालंय, जुन्या नावाने शोधत बसू नका.

घरून येण्याचा रस्ता

यूट्यूबवर अर्धे व्हिडिओ सांगतात की राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करा आणि झालं. हे अजिबात करायचं नाही. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट आहे आणि इंटरनेटवर तो उघडा ठेवला की पासवर्ड ओळखून बघणारे प्रोग्रॅम थोड्याच वेळात येऊन आपटायला लागतात, रॅन्समवेअर आत येण्याचा हा अगदी नेहमीचा रस्ता आहे. पोर्टचा नंबर बदलून पण फार फरक पडत नाही, स्कॅन करणारे सगळेच पोर्ट बघतात.

योग्य रस्ता म्हणजे व्हीपीएन. सोसायटीच्या गेटवर वॉचमन नोंद करून मगच आत सोडतो आणि घराचं कुलूप त्याच्या पुढे वेगळं असतं, तसं. आधी व्हीपीएनला लॉगिन, मग रिमोट डेस्कटॉपला लॉगिन. संस्थेचा व्हीपीएन असेल तर तोच घ्या. घरून व्हीपीएन चालू करायचा आणि मग लॅबमध्ये केलं तसंच सगळं करायचं, काही वेगळं नाही.

संस्थेचा नसेल आणि परवानगी मिळाली असेल तर छोट्या लॅबसाठी टेलस्केल नावाचं तयार व्हीपीएन ॲप सोपं पडतं. लॅबच्या पीसीवर आणि घरच्या लॅपटॉपवर दोन्हीकडे टाकायचं, एकाच खात्याने लॉगिन करायचं, दोघांना १०० ने सुरू होणारा आयपी ॲड्रेस मिळतो, तो रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकायचा. आपल्या घरच्या ब्रॉडबँडला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, अनेक गिऱ्हाइकांत मिळून एक असतो, त्याने पण याला अडत नाही. पण तीन गोष्टी आधीच करून ठेवा. एक, लॅबच्या पीसीवर रन अनअटेंडेड नावाचा पर्याय चालू करा, नाहीतर तिथे कोणी साइन आउट केलं की टेलस्केल पण बंद होतं. दोन, लॉगिनची मुदत १८० दिवसांची असते, नंतर पीसी आपोआप बाहेर पडतो आणि ते नेमकं सुट्टीत कळतं, म्हणून ॲडमिनच्या पानावर जाऊन लॅबच्या पीसीपुरती मुदत बंद करा किंवा कॅलेंडरला रिमाइंडर लावा. तीन, ज्या खात्याने हे सगळं लॉगिन केलंय त्याला दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन हवंच, आणि ते खातं शक्यतो लॅबचं असावं, कोणा एका विद्यार्थ्याचं नको.

क्रोम रिमोट डेस्कटॉपला व्हीपीएन लागत नाही, गुगल खातं आणि कमीत कमी सहा आकडी पिन लागतो, होम एडिशनवर पण चालतं. यात लॅबच्या मॉनिटरवर पण तेच दिसत राहतं जे तुम्हाला घरी दिसतंय. लॅबमधल्या नवीन मुलीला इंटिग्रेशन शिकवायचं असेल तर मला हेच जास्त आवडतं. फक्त हे लक्षात असू द्या की तिथून जाणाऱ्या येणाऱ्याला पण तुमची सगळी स्क्रीन दिसते. एनीडेस्क वगैरे पण याच प्रकारचं. कोणी फोन करून मी सर्व्हिस इंजिनियर बोलतोय, ॲप टाका आणि नंबर सांगा म्हणालं तर नंबर द्यायचा नाही, कंपनीच्या माहीत असलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. अशाच पद्धतीने बँक खाती रिकामी होतायत म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं.

घरी जायच्या आधी लॅबमध्ये बसूनच लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि व्हीपीएनवरून कनेक्ट करून बघा. हे म्हणजे बाहेरूनच आल्यासारखं आहे, आणि अडलं तर पीसी हाताशी असतो.

आत गेल्यावर

सगळ्यात महत्त्वाचं: काम झालं की खिडकीच्या फुलीवर क्लिक करून डिस्कनेक्ट व्हा, साइन आउट करू नका. डिस्कनेक्ट केलं की तिकडचे प्रोग्रॅम चालू राहतात, साइन आउट केलं की सगळे बंद, चालू सिक्वेन्ससकट. आणि शटडाउनला तर हातच लावू नका, परत चालू करायला कोणालातरी लॅबमध्ये जावं लागेल.

विंडोज १० आणि ११ वर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही घरून आत गेलात की लॅबमधला मॉनिटर लॉक होतो आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला रन दिसायचा बंद होतो. त्याने तिथून लॉगिन केलं की तुम्ही बाहेर. म्हणून लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी मेसेज टाकायची सवय लावा, आत जातोय, बाहेर आलो, एवढं पुरतं. मॉनिटरवर पण एक कागद चिकटवा की हा पीसी रिमोटने वापरला जातो, स्क्रीन लॉक दिसली तरी बंद करू नका. रात्रीच्या शिफ्टच्या दादांना आणि सफाईच्या मावशींना पण तोंडी सांगा, कागद सगळेच वाचत नाहीत.

काही इन्स्ट्रुमेंटची सॉफ्टवेअरं रिमोटमध्ये सुरूच होत नाहीत, लायसन्सचा एरर देतात. अशी सॉफ्टवेअरं लॅबमध्ये बसून आधी उघडून ठेवली की नंतर रिमोटमधून बऱ्याचदा चालतात, पण कंपनीच्या इंजिनियरला विचारून घ्या. खऱ्या सँपलवर भरवसा टाकायच्या आधी नुसत्या सोल्व्हंटचा एक छोटा सिक्वेन्स लावा, त्यात दोन-तीन वेळा कनेक्ट-डिस्कनेक्ट करा आणि डेटात कुठे खंड पडला का बघा.

कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबलं तर ते तुमच्या लॅपटॉपला लागतं. तिकडच्या पीसीसाठी डिलीटच्या जागी एंड दाबायचं. नेट स्लो असेल तर कनेक्ट व्हायच्या आधी शो ऑप्शन्समध्ये एक्स्पिरियन्सच्या टॅबवर जाऊन बॅकग्राउंड वगैरे काढून टाका, क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) बघायला त्याची गरज नाही. कॉपी-पेस्ट अडकलं तर तिकडच्या टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप नावाचा प्रोग्रॅम बंद करून परत चालू करा. मोठ्या रॉ फाइल रिमोटमधून ओढू नका, त्या लॅबच्या सर्व्हरवर टाका आणि तिथून घ्या. क्यूसीमध्ये असाल तर घरच्या लॅपटॉपची ड्राइव्ह जोडायचीच नाही, आणि पीसीच्या घड्याळाला कधीच हात लावायचा नाही.

कनेक्ट होत नसेल तर

क्रमाने जा. व्हीपीएन चालू आहे का बघा, हे फार वेळा राहून गेलेलं असतं. मग लॅबमध्ये फोन करून पीसीचा दिवा चालू आहे का विचारा. पिंगवर विसंबू नका, फायरवॉल पिंग अडवतो आणि पीसी बंद आहे असं वाटतं. लॅबमधले बाकीचे पीसी सापडतायत आणि हाच नाही, तर केबल किंवा बदललेला आयपी. राउटर पीसीला दर वेळी नवीन आयपी देऊ शकतो, म्हणून आयटीला सांगून तो राखून घ्या. पासवर्ड चूक येत असेल तर युजरनेमच्या आधी पीसीचं नाव लावलंय ना ते तपासा आणि अंदाजाने मारत बसू नका, नवीन विंडोज ११ मध्ये दहा वेळा चुकलं की खातं दहा मिनिटं लॉक होतं. आत गेलात आणि नुसतीच काळी स्क्रीन आली तर कंट्रोल, ऑल्ट, एंड दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातून एक्सप्लोरर परत चालू केला की बहुतेक वेळा डेस्कटॉप येतो. नाही आला तर डिस्कनेक्ट होऊन परत या. रीस्टार्ट मात्र रन चालू नाही याची लॅबमधून खात्री झाल्यावरच.

प्रोजेक्ट संपून कोणी लॅब सोडून गेलं की त्याच दिवशी त्याचं नाव रिमोट डेस्कटॉप युजर्सच्या यादीतून काढा, व्हीपीएनमधून त्याचा लॅपटॉप काढा आणि जिथे जिथे शेअर केलेला पासवर्ड होता तो बदला. तुम्ही स्वतः सोडत असाल तर या तीन गोष्टींपैकी काय काय करायचं राहिलंय ते तुमच्या जागी येणाऱ्याला लिहून द्या, आणि दोन नेटवर्क कार्डांचा तो फोटो पण त्यालाच द्या.